सून म्हणते, "आई, दोन महिने तिला तुम्ही भरवू नका." मी करू तरी काय?

जेलरोडची_आजी
रविवार, रात्री 11.20

नमस्कार. मी 71 वर्षांची, नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झाले. 33 वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी मोजणीत. हे मुद्दाम सांगते, कारण मोजायची सवय अंगात मुरली आहे आणि या वेळी तीच नडली.

मुलगा-सून वरच्या मजल्यावर, मी खाली. स्वयंपाकघर एकच, खालचं. त्यांच्या लग्नाला सतरा वर्षं झाली. डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली, सप्तशृंगीला नवस झाला (तो मी बोलले होते, त्यांनी नाही). शेवटी दत्तक घ्यायचं ठरलं. मला वाटलं तान्हं बाळ येईल, मी शेक-शेगडी करीन, जुन्या नऊवारीची दुपटी शिवीन. पण कारावर, म्हणजे दत्तकाच्या केंद्र सरकारी संस्थेकडे, नोंदणी केली तेव्हा मुलगा 47 आणि सून 44. दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर नवराबायकोच्या वयाची बेरीज 85 च्या वर चालत नाही, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90. यांची भरली 91. मोजणीतल्या बाईच्या घरात एकाने हुकावं! मग चार ते आठ वर्षांचं मूल, त्याला बेरीज 100 पर्यंत चालते.

सव्वा वर्षाने एका संध्याकाळी फोटो आला, सोबत तब्येतीचा आणि माहितीचा कागद. 48 तासांत ठरवायचं होतं. मुलाने बारा मिनिटांत ठरवलं. मी घड्याळ पाहत होते.

पोर सव्वासहा वर्षांची आहे. विदर्भातल्या एका संस्थेतून आली. नाव लिहीत नाही, इथे चिमणी म्हणते. येऊन पाच आठवडे झाले.

आता माझं दुखणं. ती यायच्या आदल्या रात्री सून खाली आली, समोर बसली आणि म्हणाली, "आई, एक मागते, रागावू नका. पहिले दोन महिने तिला भरवणं, न्हाऊ घालणं, वेणी घालणं, झोपवणं, पडली तर उचलणं, हे फक्त आम्ही दोघं करणार. तुम्ही खेळा, बोला, स्वयंपाक करा. पण ते आमचं." मी हो म्हटलं. आत जाऊन रडले. सतरा वर्षं वाट मीपण पाहिली ना? नातेवाइकांनाही दोन महिने येऊ नका म्हणून सांगितलंय. माझी धाकटी जाऊ तेव्हापासून फोन उचलत नाही. तिने तर मंगल कार्यालयसुद्धा बघून ठेवलं होतं, बारशासारखं काहीतरी करू म्हणून.

पोर मला "मॅडम" म्हणते. सुनेलाही मॅडम, शेजारच्या काकूंना मॅडम, धुणंभांडीवाल्या सखूबाईंनाही मॅडम. मुलगा मात्र "सर". दारात उभी राहून विचारते, "मॅडम, मी संडासले जाऊ काय?" स्वतःच्या घरात! मला उत्तर सुचत नाही, मी नुसती मान हलवते.

आणि गेल्या मंगळवारी मी चूक केली. रात्री झाकून ठेवलेल्या पोळ्या सकाळी कमी भरायला लागल्या. अकरा ठेवल्या तर आठ. दुसऱ्या दिवशी नऊ ठेवल्या तर सात. मला वाटलं मुलगा रात्री उठून खातो. मग वर जिन्यात मुंग्यांची रांग दिसली, तिच्या मागे गेले तर ती चिमणीच्या गादीखाली. तिथे एक प्लॅस्टिकची पिशवी होती. आत चार-पाच पोळ्या, दोन वाळून कडक झालेल्या, एका बेसनाच्या लाडवाचा चुरा आणि केळ्याची साल. साल सुद्धा! मी पिशवी उचलली, कचऱ्यात टाकली आणि तिला म्हटलं, "बाळा, आपल्याकडे कुणी शिळं खात नाही, हवं तेव्हा माग." आवाज चढवला नव्हता, देवाशप्पथ. ती काही बोलली नाही. दोन दिवस कुणाशीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सुनेला कळलं तेव्हा सून माझ्याशी बोलेना.

सुनेची दोन महिन्यांची रजा बिनपगारी आहे, तिचाही जीव मेटाकुटीला आलाय, दिसतं मला. इथे कुणी या वाटेने गेलेलं असेल तर सांगा. मी उगाच हळवी होतेय का? आणि त्या पिशवीचं आता काय करू?

---

सिडकोची_आई
सोमवार, सकाळी 7.05

आजी, आधी पिशवीचं सांगते. पोराला शाळेत सोडून आल्यावर बाकीचं लिहीन.

ती चोरी नाही, साठवण आहे. माझा मुलगा पाच वर्षांचा आला, आता चौदाचा आहे. तो भात साठवायचा. भात! खिशात. चड्डीच्या खिशात वाळलेली शितं, धुताना पाण्यावर तरंगायची. संस्थेत त्याला उपाशी ठेवत होते असं नाही, पण जेवण घंटेवर असायचं. मधे भूक लागली तर काही नाही, आणि मोठी मुलं हिसकावून घ्यायची. त्याच्या पोटाला घड्याळ कळत होतं, "हवं तेव्हा माग" कळत नव्हतं. मागायचं कसं असतं ते त्याला माहीतच नव्हतं.

आम्ही एक स्टीलचा डबा आणला, कडीचा. त्याच्या उशाशी ठेवला. "हा तुझा. यातलं कुणी काढणार नाही. संपलं की आई भरणार." चणे, राजगिरा लाडू, चिक्की, टिकेल असं काहीही. पहिल्या रात्री सगळं संपवलं आणि पहाटे उलटी केली. दुसऱ्या रात्रीही संपवलं. साधारण तीन आठवड्यांनी डब्यात उरायला लागलं. वर्षभराने डबा कुठे गेला ते त्यालाही आठवत नव्हतं, मला माळ्यावर सापडला.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. किती खाल्लं ते विचारायचं नाही. आणि (तुमची नोकरी वाचून हसू आलं) मोजायचं नाही.

---

सिडकोची_आई
सोमवार, सकाळी 10.40

हं, आता सून.

आजी, तुमची सून शहाणी आहे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी उलटं केलं. घर भरून गेलं. माझ्या तीन नणंदा, सासूबाई, आई, सगळ्यांनी आळीपाळीने मांडीवर घेतलं, भरवलं, खाऊ दिला. पोर सगळ्यांकडे हसत जायचं, आम्ही म्हणायचो, बघा किती पटकन रुळला! सहा महिन्यांनी एकदा कॉलेज रोडवर एका दुकानात तो अनोळखी बाईचा हात धरून चालायला लागला. ती "चल" म्हणाली नव्हती, त्यानेच धरला. मी मागे उभी आणि त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. त्या दिवशी कळलं की हा रुळलाच नव्हता. त्याच्या लेखी सगळ्या बायका सारख्याच, पाळीवर येणाऱ्या मावश्या. सकाळची एक, रात्रीची एक, दिवाळीत सोडून गेलेली एक.

तुमची चिमणी सखूबाईंनाही मॅडम म्हणते ना? तेच आहे ते. आई म्हणजे वेगळं काहीतरी असतं हे तिला अजून ठाऊक नाही. भूक लागली की तेच हात, पडली की तेच हात, असं शंभरदा झाल्याशिवाय ते कळायचं नाही. तुम्ही मायेने भरवलंत तर तुम्ही चांगल्या मॅडम व्हाल इतकंच.

मला त्या काळात खरी मदत केली ती समोरच्या फ्लॅटमधल्या मावशींनी. त्या पोराला काही द्यायच्या नाहीत. मला द्यायच्या. रोज साडेबाराला दाराच्या कडीला पिशवी, आत आमटीचा डबा. बेल वाजवायच्या नाहीत. आणि गुरुवारी इस्त्रीचे कपडे घेऊन जायच्या. त्या कपड्यांवर मी एकदा रडले आहे.

लाडू तुम्ही वळा हो. डबा तेवढा सुनेच्या हातून जाऊ दे.

---

गंगापूर_रोड_77
सोमवार, दुपारी 1.15

आजी, फार पुण्याचं काम केलंय तुमच्या मुलाने. एका अनाथ जिवाला घर दिलंत, देव भलं करेल. माझ्या बहिणीलाही मूल नाही, पण ती इतकी वर्षं थांबायला तयार नाही. आमच्या ओळखीच्या एका दवाखान्यात कधी कधी बाळ असतं, थेट देतात, थोडा खर्च होतो. मोठं मूल घेण्यापेक्षा ते बरं नाही का?

---

निवृत्त_समाजसेविका
सोमवार, दुपारी 2.00

वरच्या प्रतिसादाला आधी उत्तर देते, नाहीतर कुणी वाचून तिकडे जाईल.

तो "थोडा खर्च" म्हणजे मुलाची विक्री आहे. बाल न्याय कायद्याची प्रक्रिया डावलून असं मूल दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखाचा दंड, किंवा दोन्ही. पैसे घेऊन विकलं-विकत घेतलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि वर दंड. आणि उद्या पोलीस आले तर तुमच्या बहिणीच्या मांडीवरून ते बाळ उचलून नेतील, ते दुःख वेगळंच. मी ते एकदा पाहिलं आहे. असं बाळ दिसलं तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, बहिणीला करू नका.

आता आजी. मी बावीस वर्षं संस्थेत काम केलं, गृहभेटी हे माझं मुख्य काम. तुमच्या घरीही येतील. मूल घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी एक. लोक त्या दिवशी पडदे धुतात, सामोसे आणतात, पोराला इस्त्रीचा फ्रॉक घालून सोफ्यावर बसवतात, आणि विचारलं की "सगळं छान आहे मॅडम." मला सामोसे आवडायचे, पण उपयोग शून्य. पोळ्यांची पिशवी सापडली हे पहिल्याच भेटीत सांगा. त्यासाठीच भेट असते. मूल परत नेतील या भीतीने लोक गप्प बसतात, आणि गप्प बसलेल्या घरांतच पुढे बिनसतं. समुपदेशन मागायचा तुमचा हक्क आहे, त्यासाठी संस्थेच्या पायऱ्या चढून विनवण्या करायला लागत नाहीत.

एक गोष्ट सुनेच्या कानावर घाला, म्हणजे तिचं ओझं थोडं हलकं होईल. दत्तकाचा आदेश अजून झाला नसेल तर घाबरू नका. मूल आधी घरी येतं, त्याला दत्तकपूर्व प्रतिपालकत्व म्हणतात, आदेश मागून होतो. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागायचं. 1 सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकाऱ्यांची सही लागते. नंतर जन्मदाखल्यावर आईबाप म्हणून यांचीच नावं येतात.

रजेचं मात्र खरंच वाईट वाटलं. मातृत्व रजेच्या कायद्यात 2017 च्या सुधारणेने दत्तक आईला 12 आठवडे रजा लिहिली, पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं हवं अशी अट 2026 पर्यंत होती. आता हिशेब करा, तुम्ही मोजणीतल्या. टाकून दिलेलं बाळ दत्तकासाठी मोकळं आहे असं बाल कल्याण समितीने जाहीर करायलाच दोन महिने, दोन वर्षांवरच्या मुलाला चार. आईने स्वतः सोपवलं असेल तर तिला विचार बदलायला दोन महिने द्यावे लागतात. मग जुळवाजुळव. तीन महिन्यांत कुठलं बाळ कुणाच्या घरी पोचणार? सव्वासहा वर्षांच्या मुलीचा तर त्यात उल्लेखच नव्हता, आणि खरं तर रजेची गरज तिलाच जास्त.

म्हणून घरात दुसरी बाई असणं ही मोठी गोष्ट आहे. तुम्ही.

---

रहाडीतला
सोमवार, रात्री 9.30

मी सहसा लिहीत नाही. मी दत्तक आहे, वय 31, जुन्या नाशकात वाढलो.

गंगापूर रोडवाल्या, "पुण्याचं काम" हा शब्द मी तीस वर्षं ऐकतोय. आईबाबांना भेटायला आलेला प्रत्येक माणूस माझ्यासमोर त्यांना तो म्हणायचा. लहानपणी मला वाटायचं मी एकादशीसारखा आहे, केलं की पुण्य लागतं. आईबाबा मात्र प्रत्येक वेळी म्हणायचे, "आम्हाला मूल हवं होतं, आम्ही स्वार्थी आहोत." ते वाक्य मला फार आवडायचं.

आजी, तुमच्यासाठी एकच. मला नऊव्या वर्षी कळलं, तेही रंगपंचमीच्या दिवशी. रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, कुणी आधी उडी मारायची यावरून चुलतभावाशी भांडण झालं आणि तो म्हणाला, "तुला तर आणलंय." मी भिजलेला, लालभडक, तसाच घरी गेलो. आई दारातच उभी होती. मी विचारलं, आणलंय म्हणजे काय? तिचा चेहरा बघूनच कळलं. ते माझ्या आईने सांगायला हवं होतं, आणि चार वर्षं आधी. तिला सांगायचंच होतं, "योग्य वेळ" शोधत राहिली. चुलतभावाला वेळ शोधावी लागली नाही.

तुमची चिमणी सहाची आहे, तिला तिचं येणं आठवतं. त्यामुळे प्रश्न वेगळा आहे. तिचं आधीचं आयुष्य पुसू नका. तिथे एखादी मैत्रीण असेल, एखादं कुत्रं असेल. विचारू नका, पण ती बोलली तर "आता ते विसर" म्हणू नका. आणि "संडासले" म्हणते ना? म्हणू द्या. शाळेत पोरं हसून हसून ते घालवतीलच, घरात तरी कुणी सुधारू नये.

अठरा पूर्ण झाल्यावर मी संस्थेत जाऊन माझी माहिती मागितली. तो हक्क आहे. जन्मदात्या आईने ओळख द्यायला नकार दिला असेल तर तिचं नाव सांगत नाहीत, मलाही नाही सांगितलं. एक नोंद दाखवली, निळ्या शाईतली. आणलं तेव्हाचं वजन 1 किलो 900 ग्रॅम, अंगावर पिवळं झबलं. झबलं पिवळं होतं हे कळल्यावर मला का कोण जाणे फार बरं वाटलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, ते झबलं आहे की आपल्याकडे, आणि कपाटातून काढून दिलं. एवढी वर्षं जपून ठेवलं होतं.

---

निफाडकर
मंगळवार, सकाळी 6.10

राम राम आजी. आमची गोष्ट दत्तकाची नाही, पण वाचून राहवलं नाही.

माझ्या चुलत पुतण्याचा मुलगा आमच्याकडे आहे, चार वर्षं झाली. बाप कोविडमध्ये गेला, आई आजारी असते, माहेरी राहते. बाल संगोपन योजनेत नाव घातलंय, 2023 पासून महिन्याला 2250 रुपये होतात. येतात कधी तीन-चार महिन्यांचे एकदम, पण येतात. वह्या-पुस्तकं, दवाखाना निघतो. बाग आहे आपली दीड एकर थॉमसन द्राक्षांची, पैशासाठी पोराला ठेवलं नाही, पण गावात एक-दोघं तसं बोललेच.

फरक एवढाच की आमचं पोर आमचं नाही. त्याला आई आहे. दिवाळीला येते, दोन दिवस राहते, जाताना पोर आठ दिवस जेवत नाही. आधी आम्हाला वाटायचं ती न येईल तर बरं. मंडळींनी मला झापलं. आता ती येते तेव्हा मी आणि मंडळी मळ्यात झोपायला जातो, घर त्या दोघांना सोडतो.

तिची एक ओढणी आहे, हिरवी. पोर ती उशीला गुंडाळून झोपतं. पहिल्या वर्षी मंडळींनी चांगल्या मनाने ती साबणाने धुतली, वास मारायला लागली होती म्हणून. पोराने ती दोरीवर ओली बघितली आणि असा टाहो फोडला की शेजारचे पळत आले. वास गेला ना तिचा. मंडळीही तुमच्यासारखीच गुन्हेगार, अजून आठवलं की डोळ्याला पदर लावते. तर तुम्ही एकट्या नाही.

ऑक्टोबर छाटणी चालू आहे, जातो.

---

जेलरोडची_आजी
मंगळवार, रात्री 10.50

सगळ्यांचे प्रतिसाद सुनेला वाचून दाखवले. चष्मा लावून मोठ्याने, पहिल्यापासून. निफाडकरांच्या ओढणीपाशी माझा आवाज गेला, पुढचं तिने वाचलं. मग म्हणाली, "आई, मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं, नियम सांगितल्यासारखं सांगितलं." मी म्हटलं, नियमच होता तो, मला प्रेसमध्ये रोज गेटवर झडती द्यायची सवय आहे, नियमाचं काय वाटायचंय. दोघी हसलो.

सिडकोच्या ताई, डबा काढलाय. ह्यांचा आहे, फर्स्ट शिफ्टला नेत असत तो. कडीचा, झाकणावर ह्यांचं नाव कोरलेलं. उद्यापासून लाडू.

जावेचा फोन आला. मी सांगितलं बारसं वगैरे नाही, सहा वर्षांच्या मुलीचं कसलं बारसं, तिला नाव आहे आणि ते छान आहे. तर म्हणाली, "कुठली गं ती, कोणाची, काही कळलं का?" या प्रश्नाच्या आत दुसरा प्रश्न होता, तो मला समजला. मी म्हटलं, "जेलरोडची आहे. आमची आहे." ती गप्प झाली. बहुतेक आणखी दोन महिने फोन उचलणार नाही. हरकत नाही.

---

सिडकोची_आई
बुधवार, सकाळी 7.00

आजोबांचा डबा! आता मला रडवताय.

एक राहिलं. शाळा सुरू होईल तेव्हा दाखल्यासाठी आईबापांसोबत तुम्हीही जा. आमच्या वेळी खिडकीतल्या माणसाने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "खऱ्या आईवडिलांची नावं?" मी गोंधळले. माझ्या सासूबाई मागून पुढे आल्या आणि म्हणाल्या, "खोटी कोणती लिहिलीत ते आधी दाखवा." तेव्हापासून माझं त्यांच्याशी पटायला लागलं. आणि पहिली-दुसरीत "माझा लहान असतानाचा फोटो" आणायला सांगतात, त्याची आधीच बाईंशी गाठ घाला. चिमणीकडे तो नसेल.

---

जेलरोडची_आजी
तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री 9.15

कुणी विचारलं नाही, तरी सांगते.

शाळेत नाव घातलं. खिडकीत कुणी वाकडं विचारलं नाही, मी तयारीने गेले होते, वाया गेली. फोटोचं सुनेने वर्गशिक्षिकेला सांगितलं. त्या म्हणाल्या, मग सगळ्यांनी आत्ताचाच फोटो आणा. इतकं सोपं होतं.

मॅडम अजून सुटलेलं नाही. सुनेला मात्र गेल्या आठवड्यापासून काहीच म्हणत नाही, नुसती जवळ जाऊन पदर ओढते. सून म्हणते हे चाललंय ते चांगलं चाललंय. काल जिन्यात पडली, गुडघा फुटला. मी तिथेच होते, दोन हातांवर. हात पुढे गेले होते माझे. मी ते पाठीमागे घेतले आणि ओरडले, "अगं, खाली ये!" सून धावत येईपर्यंत पोर माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. आठ-दहा सेकंद असतील. प्रेसमधल्या तेहतीस वर्षांत इतकं अवघड काही मोजलं नाही. सून आली तेव्हा मात्र ती रडली. आल्यापासून पहिल्यांदा रडली. पडल्यावर ती रडायचीच नाही, उठून फ्रॉक झटकायची. सुनेच्या खांद्यात तोंड खुपसून रडली आणि सून जिन्यातच बसून राहिली. मी आत जाऊन हळद घेऊन आले, सुनेच्या हातात दिली.

शेजारच्या पोरीने तिला विचारलं, ही तुझी कोण? मी खिडकीत भाजी निवडत होते. चिमणी म्हणाली, "ह्या आमच्या खालच्या मॅडम." आमच्या म्हणाली.

डब्याचं. आठवडाभर रोज रिकामा यायचा. मग एक-दोन उरायला लागले. मोजायचं नाही म्हणून सांगितलं होतंत, पण डबा घासायला खालीच येतो, मी काय डोळे मिटून घासू? काल रात्री पाच लाडू भरून दिले होते. आज सकाळी उघडला तर पाच लाडू, आणि वर अर्धं चॉकलेट, चांदीच्या कागदात परत गुंडाळलेलं. शाळेत कुणाचा तरी वाढदिवस होता म्हणे.

चॉकलेट तसंच ठेवलंय. मुंग्या लागू नयेत म्हणून परातीत पाणी घालून डबा त्यात ठेवला आणि परात वर पाठवून दिली.